'ट्रेमर्स २' : चाळीस लाख डॉलरांत जनावरं कशी उभी केली?

गाळपेर

थेट व्हिडिओ कॅसेटवर आलेल्या सिक्वेलांबद्दल इथे फारसं लिहिलं जात नाही, म्हणून हा धागा. अनेक सिनेमांची यादी करण्यापेक्षा एकच घेऊ आणि तो नीट उघडून बघू : 'ट्रेमर्स २: आफ्टरशॉक्स', १९९६.

पहिला भाग १९९०चा, दिग्दर्शक रॉन अंडरवूड. नेव्हाडातलं वाळवंटी गाव आणि जमिनीखालून येणारे तीस फुटी ग्रॅबॉइड. त्यांना डोळे नाहीत, पावलांची धमक ओळखून ते येतात. खर्च सुमारे १ कोटी डॉलर, अमेरिकेतली तिकीटविक्री १ कोटी ६७ लाखांच्या आसपास. थिएटरवाल्यांचा वाटा आणि जाहिरात वजा केली की हातात काही उरत नाही. पण कॅसेट आली आणि सिनेमा घरोघर पोचला. दुसरा भाग निघाला तो त्या कॅसेटच्या जोरावर.

तोही आधी थिएटरसाठी, पहिल्या भागातला नायक केव्हिन बेकन याला घेऊन, बऱ्याच मोठ्या खर्चात करायचं घाटत होतं. बेकन आला नाही, पहिल्या भागात बर्टची बायको झालेली रीबा मॅकेंटायर आली नाही, आणि रक्कम सुमारे ४० लाख डॉलरवर आली. लेखक तेच राहिले, एस. एस. विल्सन आणि ब्रेंट मॅडॉक. विल्सनने या वेळी दिग्दर्शनही केलं. बेकनच्या पात्राचं लग्न होऊन ते गेलंय आणि बर्टला (मायकेल ग्रॉस) त्याची बायको सोडून गेलीय, असं त्यांनी कथेतच घालून टाकलं. फ्रेड वॉर्डचा अर्ल शहामृगं पाळून डबघाईला आलाय. मेक्सिकोतली तेलकंपनी त्याला एका ग्रॅबॉइडमागे ५० हजार डॉलर देऊ करते आणि गोष्ट सुरू होते.

मला महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. पैसा कापला गेल्यावर त्यांनी तोच सिनेमा हलक्या मालात केला नाही, त्यांनी जनावरच बदललं. निम्म्या सिनेमात ग्रॅबॉइडच्या पोटातून श्रीकर बाहेर पडतात : माणसापेक्षा बुटके, दोन पायांचे, हात नसलेले, जमिनीवर चालणारे. ठार बहिरे, पण उष्णता 'बघणारे'. आणि पोटभर खाल्लं की लगेच नवं पिल्लू ओकणारे.

आता हे निर्मितीच्या वहीत मांडून बघा. ग्रॅबॉइडच्या प्रत्येक शॉटला खड्डा खणा, त्यात यंत्र बसवा, वर माती पसरा, रीटेकला पुन्हा सगळी माती सारखी करा. दिवसाला दोन-तीन शॉट निघाले तरी नशीब. श्रीकरला खड्डाच नको. हात नाहीत, म्हणजे सांधे आणि चालवणारी माणसं दोन्ही कमी. आणि खाल्लं की पिल्लू ही तर फारच विचारपूर्वक काढलेली कल्पना आहे. एका साच्यातून काढलेली जनावरं एकसारखी दिसतात, हे एरवी लपवावं लागतं. इथे ती एकसारखीच असायला हवीत, कारण ती एकमेकांच्या नकला आहेत.

सिनेमाचा पहिला अर्धा भाग ग्रॅबॉइडांच्या शिकारीचा आहे, तोही बघा. खेळण्यातली रिमोटची गाडी, तिच्यावर स्फोटकं. धमक ऐकून ग्रॅबॉइड गाडी गिळतो आणि बटण दाबलं की मातीचा फवारा आणि नारिंगी मांस. जनावर जवळजवळ दिसतच नाही, तरी शिकार पुरेपूर झालेली वाटते. बाहुलं असं जपून वापरल्यामुळेच उत्तरार्धाला पैसा उरला असणार.

कुणी शॉटवार बोलणार असेल तर उत्तम. बांधणीबद्दल जाणकारांनी लिहावं.

डार्करूम

उत्तम धागा, वाचनखूण साठवली. पैशाच्या बाजूची थोडी भर.

थिएटरचा खर्च निगेटिव्हवर, म्हणजे सिनेमा बनवण्यावर, संपत नाही. त्या काळी ३५ मिमीच्या एका प्रिंटला साधारण दीड-दोन हजार डॉलर पडत. हजार पडद्यांवर लावायचं म्हटलं तरी पंधरा-वीस लाख नुसत्या प्रिंटचे, जाहिरात वेगळी. चाळीस लाखांच्या सिनेमाला ते झेपत नाही. कॅसेटचं गणित निराळं होतं. भाड्याने देणाऱ्या दुकानांसाठी कॅसेटची छापील किंमत शंभर डॉलरच्या जवळपास ठेवत आणि दुकानदार ती दोन-तीन डॉलर भाड्याने फिरवून वसूल करत. आधीचं नाव लोकांना ठाऊक असेल तर दुकानदार प्रती डोळे मिटून मागवायचा. सिक्वेल हा प्रकार व्हिडिओवर फोफावला तो त्यामुळे.

दुसरी बाब चित्राची. व्हीएचएसवर आडवा तपशील जेमतेम २४० रेषांचा. सीजीआयची (संगणकावर केलेल्या चित्राची) कड, रबराचा सांधा, रंगाचा फरक हे सगळं त्यात विरघळून जातं. आज तोच सिनेमा ब्लू-रेवर बघून 'इफेक्ट कच्चे आहेत' म्हणणं अन्यायाचं आहे. मात्र त्या चौकोनी पडद्याचा एक तोटाही होता. रुंद चौकटीसाठी शॉट लावून टीव्हीसाठी वरखालचा भाग उघडला, की बाहुल्याखालचा दांडा आणि वरचा माइक दोन्ही दिसू लागतात. व्हिडिओसाठी काम करणाऱ्याला दोन्ही चौकटी मोकळ्या ठेवाव्या लागायच्या, म्हणजे बाहुलं चालवणाऱ्याला लपायला आणखी कमी जागा. आज आडवा सिनेमा करून त्यातूनच मोबाइलसाठी उभी चौकट काढणाऱ्यांची अडचण अगदी हीच आहे.

रानवेडी

उष्णता बघण्याबद्दल. आपल्या सह्याद्रीतला चापडा हेच करतो. डोळा आणि नाकपुडी यांच्या मधे एक खळगा असतो, त्यातल्या पातळ पडद्याला उष्ण रक्ताच्या प्राण्याची ऊब कळते, म्हणून तो अंधारात उंदीर टिपतो. घोणसीला असा खळगा नाही. श्रीकरच्या डोक्यावर उघडणारा अवयव दाखवलाय, त्यामुळे तो कधी 'बघतोय' हे प्रेक्षकाला शब्दाविना कळतं. बाहुल्यात एकच हालचाल नीट करता येणार असेल तर ती अशीच निवडावी : अर्थ सांगणारी.

कथा लिहिणाऱ्यांसाठी एक गोष्ट. शरीराच्या उष्णतेचे किरण साध्या काचेतून आरपार जात नाहीत. म्हणजे उष्णता बघणाऱ्या जनावरासमोर बंद खिडकीआड उभा असलेला माणूस लपलेला असतो, आणि पातळ काळ्या प्लास्टिकच्या पिशवीआड लपलेला माणूस मात्र बऱ्यापैकी दिसतो. थर्मल कॅमेऱ्याने पडताळून बघता येतं. यावर एक अख्खा प्रसंग उभा राहील.

नवशिकी

आम्ही लघुपट करतोय, त्यात साधारण अडीच फूट लांबीचं डोकं हवंय, जबडा आणि वरचा पंखा (श्रीकरच्या डोक्यावर उघडतो तसा अवयव) हलणारा. पुण्यात, जुलैमध्ये. फोम लॅटेक्स (फेटून भाजलेलं स्पंजासारखं रबर) घरी करता येईल का? प्रमाण कुणी सांगेल का?

रबरकाम

करता येईल, पण जुलैत चाचणी घेतल्याशिवाय मोठा घाणा घालू नका.

चार भागांच्या किटचं ठरलेलं प्रमाण : लॅटेक्स बेस १५० ग्रॅम, फोमिंग एजंट ३० ग्रॅम, क्युरिंग एजंट १५ ग्रॅम, आणि शेवटी फेस जमवणारा जेलिंग एजंट १० ते १४ ग्रॅम. ग्रॅममध्येच मोजा, चमच्याने नाही. यातून पाऊण ते एक लिटर फेस मिळतो. अडीच फुटी डोक्याला, कातडी सरासरी एक सेंटिमीटर धरली तर, चार-पाच लिटर लागेल. केक फेटायच्या स्टँड मिक्सरच्या भांड्यात एवढं एका वेळी मावत नाही, म्हणून साचा तुकड्यांत करा : जबडा, कवटी, पंखा.

कृती अशी. पहिले तीन भाग मिक्सरमध्ये एक मिनिट सावकाश. मग चार-पाच मिनिटं जोरात, फेस चौपट-पाचपट होईपर्यंत. मग वेग उतरवत आणून चार-पाच मिनिटं मंद, म्हणजे मोठे बुडबुडे फुटून फेस लोण्यासारखा होतो. घाई इथे नडते, हा टप्पा उरकला तर कातडीवर देवीच्या व्रणांसारखे खड्डे येतात. शेवटी जेलिंग एजंट अर्ध्या मिनिटात धारेने सोडा, आणखी एक मिनिट ढवळा, लगेच साच्यात भरा. हाताशी साधारण दहा मिनिटं असतात. थोडा फेस कपात ठेवा, बोटाने दाबल्यावर खळगा सावकाश भरून आला की साच्यातलाही जमला समजा.

काय बिघडतं ते :

फेटताना अमोनिया उडून जातो आणि जेल होणं त्यावरच अवलंबून असतं. खोली तापलेली असेल तर फेस भांड्यातच जमतो, जेलिंग एजंट १० ग्रॅमकडे आणा. दमट आणि गार हवेत अमोनिया कमी उडतो, फेस जमतच नाही आणि साच्यात बसकण मारतो. मग आतून पोकळी आणि तळाशी रबराचा घट्ट थर. जुलैत हेच होणार. खोली २०-२२ अंशांवर आणा, आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास. एसी आणि डीह्युमिडिफायर आदल्या रात्रीपासून चालू ठेवा. प्रत्येक घाण्याची वेळ, तापमान, आर्द्रता आणि जेलचे ग्रॅम वहीत लिहा. तिसऱ्या-चौथ्या घाण्यापासून ती वहीच खरी पाककृती होते.

साचा पीओपीचा नको. दोन-तीनदा भाजला की तडकतो. अल्ट्राकॅलसारखा कठीण जिप्सम घ्या, आत तागाचे तुकडे बुडवून थर द्या. नवा साचा ६०-६५ अंशांवर रात्रभर सुकवा. ओला राहिला तर वाफ होते आणि कातडी साच्यापासून सुटून फुगते. भाजताना ८०-८५ अंश, तीन ते चार तास, जाड साच्याला जास्त. शंभरच्या वर नेलं तर जिप्सम स्वतःच भुसभुशीत होतो. कडेच्या छिद्रातून फोम दाबून बघा, उसळून वर आला तर भाजलाय, खळगा तसाच राहिला तर अजून तासभर.

स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये हे करायचं नाही. गंधकाचा वास आणि अंश त्यात राहतो. प्लायची पेटी, आतून रॉकवूल आणि पत्रा, हीटर, पंखा आणि थर्मोस्टॅट, एवढ्यात वेगळी भट्टी होते. ती चालू असताना सोडून जाऊ नका.

निघालेली कातडी साबणाच्या कोमट पाण्यात पिळून धुवा. तांब्याची तार किंवा पितळी स्क्रू रबराला लागू देऊ नका, तांब्याने रबर चिकट होऊन सडतं. तेल आणि व्हॅसलिनही तसंच. साधा अ‍ॅक्रिलिक रंग वाकल्यावर भेगाळतो, म्हणून रंग लॅटेक्समध्ये किंवा कातडीला लावायच्या लवचीक गोंदात कालवून द्या.

रबरकाम

वरच्यात राहिलं. मातीत डोकं घडवताना तोंड बंद घडवू नका आणि पूर्ण उघडंही नको. अर्धं उघडं घडवा. मग दोन्ही बाजूंना कातडीला सारखाच ताण येतो. मिटलेलं घडवलं तर उघडताना ओठ फाटतात, उघडं घडवलं तर मिटताना गालाला चुण्या पडतात. हलणाऱ्या जागी जाडी ६-८ मिमी, बाकी १२ पर्यंत. आणि कातडी कवटीला सगळीकडे चिकटवायची नसते. ओठांची कड आणि मान एवढंच, बिजागरीच्या भोवती ती सुटी हवी.

केबलवाला

आतल्या यंत्राबद्दल. सिनेमातली जनावरं अमाल्गमेटेड डायनॅमिक्सने केली, म्हणजे अ‍ॅलेक गिलिस आणि टॉम वूड्रफ. पहिला 'ट्रेमर्स' हा त्यांच्या कंपनीचा पहिलाच सिनेमा होता. जमिनीखालच्या जनावरावर हात बसलेली माणसं दुसऱ्या भागाला मिळाली, हीसुद्धा बचतच.

नवशिकी, तुमच्या जबड्याला सर्व्होच्या (रिमोटने चालणाऱ्या छोट्या मोटरच्या) आधी सायकलच्या ब्रेकची केबल वापरून बघा. स्वस्त, आवाज नाही, आणि हाताचा जोर थेट जनावरात उतरतो. केबल फक्त ओढते, ढकलत नाही, म्हणून परत आणायला स्प्रिंग हवी. स्प्रिंग जबडा मिटवणारी ठेवा, म्हणजे केबल तुटली तरी तोंड लोंबत राहत नाही. लांबी तीन मीटरपर्यंत बरी, पुढे घर्षण वाढतं आणि हालचाल धक्क्याधक्क्याने येते. वळण हाताच्या वितीपेक्षा लहान नको. आत टेफ्लॉनचं अस्तर असलेली केबल मिळाली तर तीच घ्या. बाहेरच्या नळीची दोन्ही टोकं पक्की बांधा. ती सरकली तर तुम्ही ओढताय तेवढी नळीच वाकते आणि जबडा जागचा हलत नाही. नव्वद टक्के तक्रारींचं मूळ हेच असतं.

पंख्याला सर्व्हो चालेल. १० किलो-सेंटिमीटरचा सर्व्हो ५ सेंटिमीटर दांड्याच्या टोकाला फक्त २ किलो जोर देतो, आणि फोमची कातडी ओढायलाच त्यातला बराचसा खर्ची पडतो. म्हणून दांडा आखूड, दीड-दोन सेंटिमीटर. प्रत्येक सर्व्हो अडकला की दोन-अडीच अँपिअर ओढतो, चार असतील तर दहा अँपिअरची सोय करा. बॅटरी रिसीव्हरपेक्षा वेगळी, फक्त ग्राउंड जोडलेलं. हे केलं नाही तर जनावर आपोआप थरथरतं. सर्व्होचा आवाज संवादात शिरतो, म्हणून त्या शॉटचा आवाज नंतर डब करायचा हे आधीच ठरवा.

आपल्याकडे पडद्यावर बाहुला टिकवण्याचा चांगला धडा 'झपाटलेला'मध्ये (१९९३) आहे. तात्या विंचूमागे रामदास पाध्ये यांच्यासारखा कसलेला शब्दभ्रमकार होता. नजर कुठे जाते, मान कधी वळते, यावर बाहुला जिवंत राहतो, यंत्र किती महाग आहे यावर नाही.

गाळपेर

सहमत. आणि इथेच श्रीकर अवघड आहे, कारण त्याला डोळेच नाहीत. नजरेचं काम डोक्याच्या रोखाने आणि त्या उघडणाऱ्या अवयवाने करायचं.

डार्करूम

सीजीआयबद्दल माझ्याच आधीच्या म्हणण्याला थोडी मुरड घालतो. पूर्ण देह दिसणारे, धावणारे श्रीकर टिपेट स्टुडिओने संगणकावर केले. फिल टिपेट म्हणजे 'ज्युरासिक पार्क'च्या डायनोसॉरांवर काम केलेला माणूस, त्यामुळे चाल उत्तम आहे. पण काही शॉटमध्ये पाय जमिनीला टेकल्यासारखे वाटत नाहीत. रबरी श्रीकर शेजारच्याच शॉटमध्ये इतका भरीव आहे की तुलना होतेच.

फिल्मी_सुतार

चाल उत्तम आहे हेच मोठं. बाहुल्याला चालता येत नाही, म्हणून सिनेमात कामाची वाटणी केलेली दिसते : जवळचं, चावणारं, कंबरेवरचं रबर, लांबचं, पूर्ण देहाचं, धावणारं संगणक. एकाच शॉटमध्ये दोन्ही मिसळायचा मोह टाळलाय.

पाय न टेकण्याला इलाज शूटिंगच्या दिवशीच करायचा असतो. जनावराचं पाऊल जिथे पडणार तिथे मातीखाली पातळ नळ्या पुरा, कॉम्प्रेसरच्या हवेने प्रत्येक पावलाला धूळ उडवा. वाटेत एक खरी वस्तू ठेवा, डबा किंवा फळी, आणि दोऱ्याने ती नेमक्या क्षणी पाडा. प्रत्येक शॉटनंतर जनावराविना तीच चौकट दहा सेकंद घ्या, नंतर एक राखाडी आणि एक चकचकीत गोळा जनावराच्या जागी धरून घ्या, म्हणजे संगणकावरच्या जनावराला तिथला उजेड जुळवता येतो. लेन्स, कॅमेऱ्याची उंची, कल आणि अंतर पाटीवर लिहा. याला पाच मिनिटं लागतात आणि पुढचे आठवडे वाचतात.

धुळीसाठी मुलतानी माती. सिनेमावाले जगभर हीच वापरतात. चाळून घ्या, साध्या मातीत खडे असतात आणि हवेच्या झोताने ते नटांच्या डोळ्यांत जातात. तिच्यात सिलिका असू शकते, म्हणून कॅमेऱ्यामागच्या प्रत्येकाला एन-९५ मास्क.

जमिनीखालून येणारं काही दाखवायचं असेल तर फूटभर खोल चर खणा, दोन्ही बाजूंना प्लाय लावून भिंती धरून ठेवा, तळाशी नांगराच्या फाळासारखा लाकडी ठोकळा ठेवून वर भुसभुशीत माती भरा. ठोकळ्याला पोलादी दोर, दुसरं टोक चौकटीबाहेर कप्पीवरून गाडीला. माती ओली असली की ढेकळं उठतात आणि प्रमाण कळून येतं, अगदी कोरडी असली की नुसती लाट. दोराच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही, तुटलेला दोर चाबकासारखा येतो.

छोट्या प्रतिकृतीवर करणार असाल तर वेगाचा नियम पाळा : प्रमाणाच्या वर्गमुळाइतका जास्त वेग. पाव आकाराला दुप्पट, म्हणजे २४ऐवजी ४८ फ्रेम. पहिल्या भागातल्या प्रतिकृती स्कोटाक बंधूंच्या कंपनीने केल्या होत्या. तिथली माती खरी वाटते कारण ती जड पडते.

नवशिकी

फार उपयोगी, सगळ्यांचे आभार. शेवटाकडे अर्ल अंगावर कार्बन डायऑक्साइडचं अग्निशामक मारून घेतो आणि श्रीकरांमधून चालत जातो, तसाच प्रसंग आमच्याकडे आहे. खरं अग्निशामक वापरता येईल का?

फिल्मी_सुतार

अजिबात नको. त्यातून निघणारा बर्फ उणे ७८ अंशांचा असतो, कातडी जळते. बंद खोलीत तो वायू साठला तर माणूस बेशुद्ध पडतो, आणि जड असल्यामुळे तो खालीच, वाकलेल्या माणसाच्या तोंडापाशी साठतो. अग्निशामकाच्या रिकाम्या टाकीतून साधी दाबाची हवा आणि फॉग मशीनचा धूर, दोन्ही नटाच्या बाजूने सोडा, अंगावर नाही. अंगावरचं हिम पांढऱ्या मेकअपने आणि दाढीच्या फेसाच्या पातळ हाताने करा. मक्याचं पीठ सुचवतील, पण हवेत उडालेलं पीठ ठिणगीने पेट घेतं. तुमच्या सेटवर मशाल किंवा गरम दिवे असतील तर ते आणूच नका.

प्रसंग मात्र जरूर घ्या. जनावराचा नियम आधी सांगून मग त्याच नियमाने सुटका, हे या पटकथेचं बळ आहे. बर्टच्या पॉइंट ५० कॅलिबरच्या बंदुकीचंही तेच : गोळी श्रीकरमधून, भिंतीतून, पिंपांतून जाऊन पळण्यासाठी ठेवलेल्या गाडीच्या इंजिनात घुसते. त्या शॉटांना जनावर एकदाच लागतं, बाकी सगळी भोकं.

रबरकाम

जनावराच्या लाळेचं राहिलं. मिथाइल सेल्युलोज (पाणी घट्ट करणारी पावडर), लिटरला २० ग्रॅम. थंड पाण्यात टाकलं तर गुठळ्या होतात आणि त्या सुटत नाहीत. आधी तिसरा हिस्सा पाणी ८० अंशांपर्यंत तापवा, त्यात पावडर भिजवून ढवळा, मग उरलेलं बर्फाचं पाणी घाला. गार होताना ते घट्ट होतं. रात्रभर ठेवलं की बुडबुडे निघून जातात. तारा हव्या असतील तर ३० ग्रॅमपर्यंत न्या. रंग खाण्याचा, अगदी थेंबभर.

फोमवर थेट ओतू नका, तो स्पंजासारखा पिऊन जड होतो आणि मग स्प्रिंगला जबडा उचलत नाही. तोंडाच्या आतल्या बाजूला लॅटेक्सचे दोन-तीन हात देऊन ती बंद करा, सुकल्यावर टाल्कम पावडर मारा, मगच लाळ. प्रत्येक शूटनंतर कोमट पाण्याने पुसून, तोंड उघडं ठेवून, पंख्याखाली सावलीत सुकवा. उन्हात ठेवलं तर महिन्याभरात कडा कुरकुरीत होतील.